‘जावं की नको?’ : एका रक्ततपासणीचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांत एक निनावी होती. मजकूर असा: निरोध न वापरता एकदाच संबंध आला, आठ दिवस झोप नाही, एचआयव्हीच्या तपासणीला जावं की नको? आम्ही इतिहासाची माणसं, डॉक्टर नव्हे. पण त्या ‘की नको’ला इतिहास आहे, आणि आज आपण तोच बघणार आहोत.

ही तपासणी मुळात माणसासाठी निघालीच नव्हती. मार्च १९८५ मध्ये अमेरिकेत पहिल्या एलायझा चाचणीला परवानगी मिळाली ती रक्तपेढ्यांसाठी. बाटली दूषित निघाली तर फेकून द्यायची. बाटलीमागच्या माणसाला काय सांगायचं? औषध नव्हतं, त्यामुळे सांगण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

वर्षभरात चाचणी भारतात पोचली. मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. सुनीती सॉलोमन सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. माहेरच्या गायतोंडे; चामड्याचा व्यापार करणाऱ्या, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. हा रोग परदेशातला, आपल्याकडे कुठला, असं तेव्हा सगळेच म्हणत. बाईंनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना प्रबंधासाठी नेमका हाच विषय दिला. निर्मलाबाई वेश्याव्यवसायासाठी पकडून आणलेल्या स्त्रियांच्या सुधारगृहात गेल्या. हातमोजे नाहीत, धड साधनं नाहीत. गोळा केलेले नमुने त्यांनी घरच्या फ्रिजमध्ये ठेवले! फेब्रुवारी १९८६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासले, तेव्हा सहा नमुने पिवळे पडले. पुन्हा तपासले, तरी पिवळेच. मग अमेरिकेतून खात्री करून घेतली, आणि मे महिन्यात तामिळनाडूच्या विधानसभेत आरोग्यमंत्र्यांनी ती बातमी सांगितली.

या दोघींचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे. पण आपण जरा त्या कोंडलेल्या बायकांकडेही बघू. रक्त नेमकं कशासाठी घेतायत हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. म्हणजे आपल्या देशात ज्यांची नोंद सर्वांत आधी झाली, त्यांनी तपासणी मागितलेलीच नव्हती. ती त्यांच्यावर झाली.

तीन वर्षांनी हेच गोव्यात घडलं, आणि जास्त उघडपणे. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात विषाणू सापडला. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला बोलावून नेलं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकटं कोंडून ठेवलं. चौसष्ट दिवस. गुन्हा कोणता? कोणताच नाही. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच तशी तरतूद होती. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई हायकोर्टात दाद मागितली. कोर्टाने ती तरतूद काही रद्द केली नाही. डॉमिनिक पुढे इतर बाधितांसाठी उभा राहिला आणि १९९२ मध्ये वारला.

आता सांगा, त्या काळात कुणी ‘नको’ म्हणाला असेल तर त्याला भित्रा म्हणायचं का? आमच्या मते त्याचा हिशेब बरोबर होता. तपासून मिळायचं काय, तर कुलूप आणि बदनामी.

पण तो हिशेब पुढे बदलला. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि मरायला टेकलेली माणसं उठून कामावर जायला लागली. किंमत मात्र आपल्या आवाक्याबाहेर. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने वर्षाला ३५० डॉलरमध्ये ही औषधं देऊ केली. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून ती मोफत मिळू लागली. पहिल्या केंद्रांत आपलं जे. जे. होतं. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, निकाल गुप्त, त्यावरून नोकरी घालवता येत नाही. म्हापशात जे घडलं, त्याच्या बरोबर उलट.

पण मनातला हिशेब १९८९ चाच राहिला. चिठ्ठीतले ते आठ दिवस बघा. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकं बरं, डॉक्टरांकडे गेलं तर लागण टाळण्यासाठी २८ दिवसांची औषधं देता येतात. त्याला पेप म्हणतात. ती वेळ या माणसाने छताकडे बघत घालवली. आम्हाला याची फार हळहळ वाटली.

अजून पुष्कळ हातात आहे. एका संबंधात लागण होण्याची शक्यता बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. योनिसंबंधात, समोरची व्यक्ती बाधित असून उपचार घेत नसेल तरी, सरासरी दहा हजारांत दहाच्या आत. गुदसंबंधात मात्र बरीच जास्त. पण सरासरीवर झोप लागत नाही, हे आम्हालाही कळतं. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत जा. तपासणी मोफत असते, आधी समुपदेशक बोलतात. आठव्या दिवशीचा निकाल नवीन लागणीबद्दल सहसा काही सांगत नाही, कारण शरीराला प्रतिपिंडं तयार करायला वेळ लागतो. तरी आत्ता एकदा करा, आधीची स्थिती कळते. प्रयोगशाळेतली नव्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनी बहुतेक लागणी पकडते; बोटाला टोचून करतात ती झटपट चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. मध्ये ताप आला, पुरळ उठलं तर डॉक्टरांना दाखवा. एकट्या तापावरून कुणालाही काही ठरवता येत नाही. जायच्या आधी कुणाशी बोलायचं असेल तर १०९७ हा सरकारी नंबर आहे.

आणि तोवर निरोध वापरा. रक्तपेढीत जाऊन, दान केलं की आपोआप तपासून होईल, असा विचार मात्र करू नका. पहिल्या आठवड्यांतली लागण तिथेही निसटू शकते, आणि ती बाटली कुणाला तरी लागते.