वॅटल: झाड नेलं, माहिती मागेच राहिली

ज्यांना प्रवासात ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात.

आजचा विषय एक झाड आहे. कोकणात किंवा गोव्यात फिरला असाल, तर रस्त्याकडेला, कातळावर ते तुम्ही नक्की बघितलंय. कोयत्यासारखी वाकडी पानं, पिवळ्या फुलांचे तुरे, पिळवटलेल्या शेंगा. बरेच जण त्याला ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात, कुणी नुसतंच अकेशिया. आपल्या बाभळीची ही चुलत बहीण. तिच्या माहेरी, म्हणजे ऑस्ट्रेलियात, या झाडांना वॅटल म्हणतात आणि तिथे त्यांच्या हजाराच्या आसपास जाती आहेत.

आधी नावाची गंमत सांगतो. 1788 साली इंग्रजांची पहिली वसाहत सिडनीला उभी राहिली. राहायला घरं नव्हती. मग त्यांनी लवचीक फांद्या विणून भिंती केल्या आणि वर चिखल लिंपला. आपल्याकडे कारवीचा कूड घालतात ना, अगदी तसंच. अशा विणलेल्या कुडाला इंग्रजीत वॅटल म्हणतात, आणि पुढे तेच नाव या झाडांना चिकटलं. म्हणजे नावच पडलं ते नव्या पाहुण्यांच्या गरजेवरून. पण तिथले मूळ रहिवासी या झाडांना हजारो वर्षं ओळखत होते, आणि त्यांच्या भाषांत या झाडांना स्वतःची नावं होती.

आता बी बघू. वॅटलचं बी काळं, चकचकीत आणि भलतंच टणक असतं. कवचातून पाणी आत शिरतच नाही. नुसतं मातीत टाकलं तर बहुतेक बिया उगवत नाहीत, पण मरतही नाहीत. जमिनीत कित्येक दशकं झोपून राहतात. जंगलात आग लागली की उष्णतेने कवच तडकतं, पुढच्या पावसात पाणी आत जातं आणि एकाच वेळी शेकडो रोपं वर येतात.

हे मी गॅलरीत करून बघितलं. मामाच्या गावाहून मूठभर बिया आणल्या आणि दोन भाग केले. एका भागावर उकळतं पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी बऱ्याच बिया फुगून दुप्पट झाल्या होत्या, त्या कुंडीत पेरल्या. दुसरा भाग तसाच पेरला. गरम पाण्यातल्या बियांना काही दिवसांत कोंब आले, दुसरी कुंडी ढिम्म. रोपाची पहिली पानं अगदी बाभळीसारखी बारीक असतात. मग हळूहळू देठच चपटे होतात आणि पानांचं काम करायला लागतात. आपण ज्याला त्याचं पान समजतो, तो खरं तर देठ आहे!

आता विचार करा, आग लागली की काय उगवतं हे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या बघितलं, ते काय करतील? ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी ठरावीक ऋतूत, छोट्या छोट्या तुकड्यांत, मंद आग लावायचे. त्यामुळे मोठा वणवा टळायचा आणि हवी ती झाडं-गवतं पुन्हा यायची.

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात अरेर्न्टे, वार्लपिरी अशा समाजांसाठी वॅटलचं बी म्हणजे धान्य होतं. बायका शेंगा झोडपून बी काढायच्या, लाकडी परातीत पाखडायच्या, गरम राखेत भाजायच्या आणि दगडावर पाणी घालून वाटायच्या. त्या पिठाची भाकरी निखाऱ्यात भाजायची. सूप, पाटा-वरवंटा, चूल. आपल्या आजीला यातलं काहीच परकं वाटलं नसतं. या बियांत प्रथिनं साधारण 20 टक्क्यांच्या आसपास असतात. मुल्गा नावाच्या जातीचं लाकूड भाले, ढाली आणि बूमरँगसाठी वापरायचे. काही जातींचा डिंक खायचे. काहींच्या शेंगा पाण्यात चोळून मासे गुंगवायचे. विचेटी नावाच्या झुडपाच्या मुळांतून अळ्या काढून खायचे. कुठल्या जातीचं काय खायचं आणि काय नाही, हे ज्ञान पाठ होतं. (कोकणातलं बी भाजून बघू नका! सगळ्या जाती खाण्याच्या नाहीत.)

इंग्रजांना या झाडात मुख्य दिसली ती साल. त्यात टॅनिन भरपूर, आणि कातडी कमवायला टॅनिन लागतं. 1864 मध्ये काळ्या वॅटलचं बी दक्षिण आफ्रिकेत नाताळला पोहोचलं आणि पुढे तिथे सालीसाठी मोठे मळे उभे राहिले. त्याआधीच, 1840 च्या दशकात, वॅटल आपल्या निलगिरीत आलं होतं. उटीच्या थंडीत साहेबांना जळण हवं होतं. स्वातंत्र्यानंतर आपल्याच वनखात्याने टॅनिनसाठी काळं वॅटल आणखी लावलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर कोड कॉपी केला, डॉक्युमेंटेशन तिथेच ठेवलं.

परिणाम काय? निलगिरीचे डोंगरमाथे म्हणजे मुळात गवताळ कुरणं, मधूनमधून शोला जंगलाचे पुंजके. तोडा लोकांच्या म्हशी तिथेच चरायच्या. साहेबाच्या डोळ्यांना ती जमीन रिकामी वाटली. तिथे वॅटल पसरत गेलं आणि कुरणं आटत गेली. तोडलं तरी पुन्हा येतं, कारण मातीत बियांचा साठा पडून आहे. आज काळं वॅटल जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे.

पण दुसरं उदाहरणही आहे. आफ्रिकेतल्या नायजर देशात, मरादी भागात, दुष्काळात ज्वारी-बाजरी हातची जायची. तिथे ऑस्ट्रेलियातली एक वॅटल लावली गेली, आणि तिच्याबरोबर ते बी खाता येतं ही मूळ रहिवाशांची माहितीही गेली. काळजीपूर्वक चाचण्या झाल्या आणि तिथल्या बायका बाजरीच्या पिठात हे पीठ मिसळायला लागल्या. इथे झाडासोबत त्याची माहितीही पोहोचली.

आणि आपण? कोकणातल्या सड्यांवर सामाजिक वनीकरणात ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, ती पटकन हिरवं दिसतं म्हणून. पण पावसाळ्यात त्याच कातळावर शेकडो जातींची फुलं येतात आणि गुरं चरतात. आपणही त्याला ‘पडीक’ म्हटलं. निलगिरीतल्या साहेबाने वेगळं काय केलं होतं?

येत्या पावसात तुमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वृक्षारोपणाचा मेसेज येईल. जरूर जा. फक्त खड्डा खणण्याआधी दोन प्रश्न विचारा: हे झाड कुठलं, आणि इथे आत्ता काय उगवतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथल्याच एखाद्या गुराख्याला विचारा. त्याला ते नक्की माहीत असेल.

भेटू पुढच्या भागात!