दिनविशेष – २३ मार्च १९४७ : आशिया संवादाला बसला
दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आशियाई संबंध परिषद आजच्या दिवशी सुरू झाली. यजमान सरकार नव्हते, ‘इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स’ ही अभ्याससंस्था होती. अध्यक्षस्थानी सरोजिनी नायडू होत्या, तिबेटचेही प्रतिनिधी आले. स्वातंत्र्याआधीच देश शेजाऱ्यांशी बोलू लागला, हे धाडसच! पुण्यात गोखल्यांनी स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे हृदयनाथ कुंझरू पुढे परिषदेच्या या यजमान संस्थेचे दीर्घकाळ अध्यक्ष होते. तिच्याच पुढाकाराने १९५५ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे विद्यालय निघाले. परराष्ट्र धोरणाच्या शिस्तबद्ध अभ्यासाची आपल्याकडची खरी सुरुवात हीच. १९७० मध्ये हे विद्यालय जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले.