न्यूट्रल सेफ्टी स्विच : जुन्या ऑटोमॅटिक मोटारींतील वायरिंग आणि दोषशोधन

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मोटारीत गिअरचा दांडा पार्क किंवा न्यूट्रल या दोनच जागी असताना सेल्फ फिरू देणारा विद्युत स्विच. ब्रिटिश दुरुस्ती-पुस्तिकांत तो इनहिबिटर स्विच या नावाने येतो. बहुतेक मोटारींत रिव्हर्सचे दिवेही याच स्विचमधून लागतात, त्यामुळे एकाच घरात दोन स्वतंत्र सर्किटे नांदतात. दोषशोधन करताना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

हातगिअरच्या गाडीत चालकाचा पाय क्लचवर असतो. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि तो तेलाच्या प्रवाहातून ओढ देतो. दांडा ड्राइव्हमध्ये राहिला आणि इंजिन सुरू झाले, तर गाडी लगेच चालू लागते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत धोका अधिक, कारण थंड इंजिनाला चोक लागलेला असतो, आयडल वाढलेले असते आणि गाडी सरकत नाही, तर उसळी घेते. समोर भिंत असो वा माणूस. अमेरिकेत 1 जानेवारी 1968 पासून लागू झालेल्या संघराज्य सुरक्षा मानक क्रमांक 102 ने पुढच्या वा मागच्या गिअरमध्ये सेल्फ चालता कामा नये अशी अट घातली. बहुतेक उत्पादक तोवर हा स्विच बसवतच होते. कायद्याने तो ऐच्छिक उरला नाही.

वायरिंगला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न सोडवायचा असतो : स्विच सर्किटच्या कोणत्या बाजूला आहे, पुरवठ्याच्या की अर्थच्या? अमेरिकेतील तीन मोठ्या कंपन्यांनी याची उत्तरे वेगवेगळी दिली. हे न पाहता चालवलेला टेस्ट लॅम्प तासन् तास चुकीच्या जागी फिरवतो.

फोर्डमध्ये स्विच पुरवठ्याच्या बाजूला आहे. 1964 पासून आलेल्या सी-4 गिअरबॉक्सच्या मस्टँगसारख्या गाड्यांत इग्निशन स्विचमधून निघालेली, निळी रेघ असलेली लाल वायर सेफ्टी स्विचमधून जाऊन बॅटरीजवळच्या स्टार्टर रिलेच्या ‘एस’ टोकाला मिळते. रिलेची कॉइल थोडाच प्रवाह घेते, म्हणून स्विचच्या संपर्कपट्ट्या फारशा जळत नाहीत. जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले गाड्यांतही स्विच पुरवठ्यावरच आहे, पण मधला रिले नाही. जांभळी वायर थेट स्टार्टरवर बसवलेल्या सोलेनॉइडपर्यंत जाते आणि सोलेनॉइड ओढला जाण्याच्या क्षणाचा जड प्रवाह इग्निशन स्विच व सेफ्टी स्विच या दोघांना सोसावा लागतो. येथे काळवंडलेले संपर्क नेहमीचे. शिवाय ही वायर एक्झॉस्टच्या शेजारून उतरते, आणि उष्णतेने कडक झालेले वेष्टन तडकले की आत तांबे उघडे पडते. कॉलमवर गिअर असेल तर स्विच स्टिअरिंग कॉलमच्या तळाशी सापडतो, कन्सोलवर असेल तर दांड्याच्या बुडाशी.

क्रायस्लरची रचना सर्वांत वेगळी आहे. टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्सच्या अंगात आट्याने बसवलेला स्विच रिलेच्या कॉइलला फक्त अर्थ देतो. इग्निशनकडून पिवळी वायर रिलेला पुरवठा देते. पिवळी रेघ असलेली तपकिरी वायर तेथून गिअरबॉक्सकडे जाते. स्विचची मधली पिन आतल्या पोलादी पट्टीला पार्क व न्यूट्रलमध्येच टेकते आणि सर्किट पुरे होते. तीन पिनांच्या स्विचमध्ये बाहेरच्या दोन पिना रिव्हर्सच्या दिव्यांच्या, त्यांचा सेल्फशी संबंध नाही.

या फरकाचा सुरक्षिततेवर थेट परिणाम होतो. फोर्ड किंवा शेव्हर्लेत स्विचकडची वायर तुटली तर गाडी सुरू होत नाही. गैरसोय होते, अपघात नाही. क्रायस्लरमध्येही तुटलेली वायर तेवढेच करते. पण तीच तपकिरी वायर घासून बॉडीला टेकली, तर रिलेला कायमचा अर्थ मिळतो आणि गाडी कोणत्याही गिअरमध्ये सुरू होते. चालकाला काहीच जाणवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सारे ठीक चाललेले असते. क्रायस्लरच्या गाडीत ही वायर टोकापासून टोकापर्यंत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तपासणी पुरी मानू नये. हातगिअरच्या गाडीत पुढे ऑटोमॅटिक बसवला असेल, तर रिलेचे ते टोक अर्थलाच जोडलेले राहून गेले असण्याची शक्यताही लक्षात ठेवावी.

सेल्फ घेत नाही ही तक्रार आली की पहिला संशय स्विचवर घेऊ नये. हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे अगदी मंद झाले तर दोष बॅटरीत, तिच्या टोकांत किंवा जाड केबलींत असतो. रिलेचा वा सोलेनॉइडचा खणखणीत एक आवाज येऊन पुढे काही घडत नसेल, तर सेफ्टी स्विचने आपले काम केलेले आहे. दिवे तेजस्वी राहिले आणि आवाजच आला नाही, तरच सेल्फचे नियंत्रण-सर्किट खंडित झाले असे समजावे. मग दांडा न्यूट्रलला नेऊन पाहावे. न्यूट्रलमध्ये सुरू होते पण पार्कमध्ये नाही, किंवा दांडा हलवत किल्ली धरली की घेते, अशी लक्षणे असतील तर वायरिंगआधी लिंकेजचे झिजलेले बुश व सरकलेला स्विच पाहावा.

पुढच्या चाचण्यांपूर्वी हँडब्रेक ओढून चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, गाडी पार्कमध्ये ठेवावी आणि इग्निशन कॉइलची मधली जाड वायर काढून अर्थला टेकवावी, म्हणजे इंजिन पेटणार नाही. फोर्ड वा शेव्हर्लेत मदतनीसाने किल्ली स्टार्टला धरलेली असताना टेस्ट लॅम्प आधी स्विचच्या येणाऱ्या टोकावर, मग जाणाऱ्या टोकावर लावावा. येणाऱ्यावर दिवा नसेल तर दोष मागे, इग्निशन स्विचमध्ये किंवा फायरवॉलवरच्या मोठ्या प्लगमध्ये. या प्लगच्या पितळी पिनांवर हिरवा गंज चढतो. दमट किनारपट्टीवर राहिलेल्या गाड्यांत तर हमखास. येणाऱ्यावर दिवा आहे व जाणाऱ्यावर नाही, तर स्विच. दोन्हींवर आहे, तर पुढची वायर. क्रायस्लरमध्ये रिलेवरून तपकिरी वायर काढून त्या रिकाम्या टोकाला तात्पुरता अर्थ द्यावा. किल्ली फिरवताच सेल्फ फिरला तर रिलेच्या पुढचे सारे नीट आहे आणि दोष वायर, प्लग किंवा स्विचमध्ये आहे. या चाचणीत सुरक्षा-व्यवस्था वगळली जाते, म्हणून दांडा पार्कमध्ये आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे.

मल्टिमीटरची ओहम-चाचणी येथे फसवी ठरू शकते. वायरच्या एकाच शिल्लक तारेतूनही मीटरचा नगण्य प्रवाह जातो आणि आकडा शून्याजवळ दिसतो. सोलेनॉइडचा भार पडला की तीच तार कोलमडते. म्हणून किल्ली धरलेली असताना स्विचच्या दोन टोकांत किती व्होल्ट पडतात ते मोजावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक पडत असतील तर संपर्क खराब समजावेत, ओहममीटर काहीही म्हणो. विश्रांत, भरलेल्या बॅटरीचे सुमारे 12.6 व्होल्ट हा आधार आधी तपासलेला असावा. वायरच्या रंगावर फार विसंबू नये. इतक्या वर्षांत किती हातांनी हार्नेस बदलला असेल याचा नेम नसतो.

जुळवणी लिंकेजपासून सुरू होते. सी-4 वरचा स्विच दोन बोल्ट सैल करून, दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून, त्याच्या भोकात क्रमांक 43 चा, म्हणजे सुमारे सव्वादोन मिलिमीटरचा ड्रिल जाईपर्यंत फिरवतात व बोल्ट आवळतात. एमजीबी ऑटोमॅटिकमधील बॉर्ग-वॉर्नर 35 वर चार टोकांचा स्विच आट्यात आतबाहेर करून लॉकनटने पक्का करतात. क्रायस्लरचा स्विच जुळवता येत नाही. काढून पाहतात, आणि काढताना तेल गळते म्हणून खाली भांडे ठेवावे लागते.

रस्त्यात अडकलेली गाडी ‘डायरेक्ट’ करून, म्हणजे स्विचची दोन टोके तारेने जोडून, घरी आणली जाते, आणि ती तार वर्षानुवर्षे तशीच राहते. आपल्याकडे जुन्या गाड्या बहुतांशी हातगिअरच्या असल्याने अनेक मेकॅनिकना या तारेचे गांभीर्य जाणवत नाही. जुनी ऑटोमॅटिक घेताना, कॉइलची वायर काढून व ब्रेक दाबून, दांड्याच्या प्रत्येक जागी किल्ली फिरवून पाहा. ड्राइव्ह किंवा रिव्हर्समध्ये सेल्फ फिरला, तर ती तार शोधून काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.