मापाची शीग

कांहीं दिवसांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, पाकिटें न ठेवतां, गिऱ्हाइकानें आणलेल्या बरण्या भरून देणारें किराणा दुकान यवतमाळांत चालेल का?" बर्लिन शहरांत असें दुकान २०१४ सालीं निघालें आणि फ्रान्सनें २०२१ च्या कायद्यान्वयें मोठ्या दुकानांस २०३० पर्यंत विक्रीच्या जागेचा पांचवा हिस्सा सुट्या मालासाठीं राखण्यास सांगितलें, हें तिच्या वाचनांत आलें होतें. मला हंसूं आलें. माझ्या लहानपणीं आमच्याकडे याहून निराळें दुकान फारसें नव्हतेंच! परंतु हंसणें म्हणजे उत्तर नव्हे, हें घरीं आल्यावर मनास लागून राहिलें.

जुन्या व्यवहारांत धान्य बहुधा तोलीत नसत, मापीत असत. निळवें, कोळवें, चिपटें, मापटें, शेर, अडशिरी, पायली ही उतरंड दुपटीनें चढत जाई. पुढें सोळा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी. पहिलें माप टाकतांना 'एक' न म्हणतां 'लाभ' म्हणावयाचें. नवी सून उंबरठ्यावरील धान्याचें माप ओलांडूनच घरांत येते. मापाच्या कांठावर धान्याची जी निमुळती रास उभी राहते ती शीग; आपण आज एखादी गोष्ट 'शिगेस पोंचली' असें म्हणतों, तेव्हां नकळत त्या राशीचीच आठवण करीत असतों. कांठापर्यंतचें धान्य कराराचें आणि वरची शीग संबंधाची, असा या व्यवहाराचा अर्थ मला लागतो.

पण येथेंच घोटाळ्यासही जागा आहे. रुंद तोंडाच्या मापावर शीग मोठी राहते, अरुंद तोंडाच्या मापावर ती धरत नाहीं; शिवाय ओतणाराचा हात आहेच. याच कटकटीमुळें इंग्लंडांत १८३५ च्या कायद्यानें शिगेचें माप अजिबात रद्द केलें.

आमच्या जिल्ह्यांत ही कटकट नुसती हिशेबी नव्हती. १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेंतील यादवीनें कापसाचे भाव भडकले आणि काळ्या रानांत पऱ्हाटी पसरत गेली. हा जिल्हा १९०५ पर्यंत वणीच्या नांवानें ओळखला जाई. कापसाबरोबर रोकड आली, पण जमीन कापसाखालीं गेलेल्या कुटुंबास पोटाची ज्वारी विकत वा उसनी आणणें भाग पडलें, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळासारख्या वर्षीं तर इलाजच नव्हता. उसनें धान्य सवाईनें किंवा दिढीनें फेडावयाचें, म्हणजे पायलीस सवा किंवा दीड पायली. त्यावर देतांना माप सपाट आणि परत घेतांना शिगोशीग, ही तक्रार जुन्या शेतकरी घरांतून आजही ऐकावयास मिळते. सुट्या मालाच्या दुकानाचे गोडवे गातांना ही दुसरी शीग विसरतां येणार नाहीं.

म्हणून पाकिटाचा केवळ तिरस्कार मला करवत नाहीं. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें-मापें ठरलीं, १९५८ च्या ऑक्टोबरापासून तीं अमलांत येऊं लागलीं आणि शेर-पायलीचें कायदेशीर राज्य संपलें. १९७७ च्या नियमांनीं पाकिटावर आंतील मालाचें नांव, निव्वळ वजन आणि किंमत छापणें बंधनकारक केलें. वाण्याच्या ओळखीवांचून कोणासही सपाट, पण पुरतें माप मिळूं लागलें. ज्यांस कोणताच वाणी शीग देत नसे, त्यांचा हा मोठाच लाभ होता. १९९८ सालीं दिल्लीकडे मोहरीच्या तेलांत पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाली, अंगास सूज येऊन अनेक माणसें दगावलीं. तेव्हांपासून सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर निर्बंध आले. माझ्या विद्यार्थिनीची तेलाची कोठी येथें अडते. उलट १८ जुलै २०२२ पासून धान्य-डाळींच्या लेबल लावलेल्या लहान पाकिटांवर, छाप नामांकित असो वा नसो, पांच टक्के कर बसला आणि सुट्या धान्यावर बसला नाहीं. म्हणजे डाळ-तांदुळांपुरता तरी सरकारचा हिशेब तिच्या बाजूचा आहे.

माझी आई मला तेलासाठीं कांचेची बाटली देऊन पाठवीत असे. वाणी प्रथम रिकामी बाटली एका पारड्यांत ठेवी, दुसऱ्यांत वजनें व चार खडे टाकून काटा मध्यावर आणी. यास धडा करणें म्हणत. मगच तेल. जातांना हातावर चार फुटाणे पडत. वजनाच्या राज्यांत शीग तेवढीच उरली होती. दुसऱ्या एका दुकानीं मात्र वडिलांनीं एकदां दोन्हीं पारडीं रिकामीं धरावयास लावलीं, तों एक खालीं गेलें. 'पासंग आहे,' एवढेंच ते म्हणाले, आणि आमचें तें दुकान सुटलें.

मागल्या आठवड्यांत ती विद्यार्थिनी पुनः आली. तिच्या नव्या काट्यावर बरणी ठेवून कळ दाबली कीं आंकडा शून्यावर येतो, हें तिनें कौतुकानें सांगितलें. "हा धडाच झाला," मीं म्हटलें, "पण तो आंकडा कोणाकडे तोंड करून असेल?" तिनें वही काढून दुकानाचा नकाशा उघडला, काट्याची जागा खोडली आणि ती गिऱ्हाइकाच्या बाजूस नव्यानें काढूं लागली.