मानसगंगोत्रीतील शिक्षकांची शाळा

म्हैसूरला जाणारा मराठी प्रवासी राजवाडा, चामुंडी टेकडी व वृंदावन उद्यान पाहून परततो. मानसगंगोत्री परिसरातील प्रादेशिक शिक्षण संस्थेकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. देशातील विज्ञान व गणित शिक्षणाच्या इतिहासात मात्र या संस्थेचे स्थान मोलाचे आहे.

१९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय माध्यमिक शाळांची शिफारस केली. शाळा निघाल्या, परंतु तेथे शिकविण्यास योग्य शिक्षक मिळेनात. विज्ञानाच्या पदवीधरास अध्यापनाचे शिक्षण नसे आणि पदवीनंतरच्या एका वर्षाच्या प्रशिक्षणात विषयज्ञान वाढविण्यास अवकाश नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये स्थापन केली. म्हैसूरचे महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. येथील चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, गणित यांसारख्या विषयांबरोबरच अध्यापनशास्त्र शिकविले जाई. संस्थेला जोडलेल्या प्रात्यक्षिक शाळेत भावी शिक्षकांचे पाठ होत.

पुढच्याच वर्षी कोठारी आयोग नेमला गेला. अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी हे पदार्थवैज्ञानिक, तर सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे सुपुत्र. शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य असावे, असे आयोगाने १९६६ च्या अहवालात सुचविले. गणित सोडून गृहशास्त्राकडे वळविल्या जाणाऱ्या मुलींसाठी या शिफारशीचे महत्त्व विशेष होते. मात्र तिच्यामुळे विज्ञान-गणिताच्या शिक्षकांची गरज कितीतरी पटींनी वाढली.

ती गरज चार संस्थांच्या आवाक्याबाहेरची होती. बहुउद्देशीय शाळांची योजना मागे पडली आणि तिच्यासाठी आखलेले काही अभ्यासक्रमही बंद झाले. विज्ञान शिक्षणाचा एकात्मिक अभ्यासक्रम मात्र टिकला. देशातील बहुसंख्य शिक्षक पुढेही दीर्घकाळ पदवीनंतरच्या अल्प प्रशिक्षणावरच वर्गात उभे राहिले. अखेर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकांची किमान अर्हता ठरविण्याचे उद्दिष्ट ठेवले. म्हैसूरने जोपासलेला विचार सर्वमान्य होण्यास जवळजवळ सहा दशके लागली.

प्रयोगशाळेचे कपाट अनुदानातून येते. ते उघडून विद्यार्थ्याच्या हाती परीक्षानळी देणारा शिक्षक घडविण्यास वर्षे लागतात. हीरकमहोत्सव साजरा करणाऱ्या प्रत्येक शाळेने हे ध्यानी ठेवावे.