कॅप्सूल एंडोस्कोपी: मोठ्या आतड्याच्या तपासणीची रांग कमी कशी होते?

मोठ्या आतड्यात गाठ, सूज किंवा कर्करोग आहे का, हे पाहण्यासाठी कोलोनोस्कोपी ही सर्वांत भरवशाची तपासणी मानली जाते. त्यात कॅमेरा बसवलेली लवचिक नळी गुदद्वारातून आत सरकवतात. या तपासणीसाठी सुसज्ज खोली, प्रशिक्षित डॉक्टर आणि परिचारिका लागतात. त्यामुळे रुग्ण वाढले की प्रतीक्षायादीही वाढते. ब्रिटनमध्ये २०२० साली कोरोनाच्या साथीत बहुतेक एंडोस्कोपी थांबवाव्या लागल्या आणि अनेक तपासण्या रखडल्या. २०२१ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने (एनएचएस) सुमारे ११,००० रुग्णांसाठी कॅप्सूल एंडोस्कोपीचा पथदर्शी प्रकल्प जाहीर केला.

तपासणी कशी होते?

ही कॅप्सूल साधारण ३ सेंटीमीटर लांब असते आणि तिच्या दोन्ही टोकांना कॅमेरे असतात. रुग्ण ती पाण्याबरोबर गिळतो. ती पचनमार्गातून पुढे सरकताना हजारो छायाचित्रे टिपते आणि अंगावर बांधलेल्या रेकॉर्डरकडे पाठवते. शेवटी ती शौचावाटे बाहेर पडते. त्यासाठी भूल किंवा क्ष-किरण लागत नाहीत. मात्र आतडे स्वच्छ करण्यासाठी आधी जुलाबाचे औषध घ्यावेच लागते. छायाचित्रे तज्ज्ञ नंतर सवडीने तपासतात.

रांग कशी कमी होते?

आधी शौचाच्या नमुन्यात डोळ्यांना न दिसणारे रक्त आहे का, हे ‘फिट’ चाचणीने पाहतात. रक्ताचे प्रमाण जास्त असलेल्यांना थेट कोलोनोस्कोपीसाठी पाठवतात. धोका त्यापेक्षा कमी असलेल्यांना कॅप्सूल देता येते. त्यांच्या आतड्यात काही आढळले नाही, तर त्यांची कोलोनोस्कोपी टळते आणि ती वेळ अधिक गरजू रुग्णाला मिळते.

मर्यादा कोणत्या?

कॅप्सूल फक्त पाहू शकते. तिला गाठ काढता येत नाही की बायोप्सीसाठी तुकडा घेता येत नाही. गाठ दिसली, आतडे नीट स्वच्छ झाले नाही किंवा मध्येच बॅटरी संपली, तर कोलोनोस्कोपी करावीच लागते. अशा रुग्णाच्या दोन तपासण्या होतात आणि रांगेतली जागाही वाचत नाही. आतडे अरुंद झाले असल्यास कॅप्सूल अडकू शकते, म्हणून अशा रुग्णांना ती देत नाहीत. थोडक्यात, रांग किती कमी होईल हे रुग्णांच्या योग्य निवडीवर अवलंबून असते.

शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल किंवा विनाकारण वजन घटणे, अशी लक्षणे असल्यास डॉक्टरांना लवकर दाखवावे.