योजनेचे बियाणे, बोंडअळीचा वंश

जालन्याची ओळख बियाण्यांची आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको स्थापन केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित सरकी तयार करणे हे पूर्वविचाराचे काम. कोणता नर, कोणती मादी हे आधी ठरते. संध्याकाळी मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर हाताने काढले जातात आणि दुसऱ्या सकाळी नराचे पराग लावले जातात. मार्च २००२ मध्ये महिकोच्या बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना केंद्राची परवानगी मिळाली, तेव्हा या योजनाबद्धतेने मोठी झेप घेतली. त्यातले बोंडअळीला मारणारे विषारी प्रथिन घडवणारे जनुक मात्र मातीतल्या एका जिवाणूचे, म्हणजे कोणत्याही हेतूविना चाललेल्या उत्क्रांतीची निर्मिती. पुढे त्याच उत्क्रांतीने ही योजना मोडली. बुद्धीची योजना आंधळ्या प्रक्रियेचा हिशेब आधीच मांडते तेव्हाच टिकते, हे जालन्याच्या पांढऱ्या सोन्याचा इतिहास सांगतो.

गुलाबी बोंडअळीला काहीच ठरवता येत नाही. असंख्य अळ्या विषाने मरतात आणि योगायोगाने जनुकात बदल झालेली एखादी वाचते. पुढची पिढी तिची असते. २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे बाजारात आले. २०१० मध्ये गुजरातमधील अळी पहिल्या विषाला दाद देत नसल्याचे हे तंत्रज्ञान पुरवणाऱ्या मोन्सँटो कंपनीनेच मान्य केले. काही वर्षांत दुसरेही विष निष्प्रभ ठरले आणि २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात बोंडेच्या बोंडे किडली. या वेगाला आपण हातभार लावला. दीर्घ मुदतीचे संकरित वाण आणि पाणी असेल तिथे जुन्याच झाडांवर उन्हाळ्यापर्यंत ठेवलेले पीक, म्हणजे फरदड, यांमुळे अळीला एकाच शिवारात लागोपाठ पिढ्या मिळाल्या, आणि प्रत्येक पिढीत निवड झाली.

यावर आक्षेप असा की योजना चोख होती, चुकला तो शेतकरी. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधी सरकी येत असे. ती कडेने लावली की तिथे विषाला बळी पडणारे पतंग जगतात, दुर्मीळ प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो. हे शास्त्र खरे आहे. पण दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने कर्ज काढून अळीसाठी ओळी राखाव्यात, अशी ही अपेक्षा होती. तोटा त्याचा एकट्याचा, फायदा साऱ्या शिवाराचा. अळीच्या वंशाचा विचार करणाऱ्या योजनेने माणसाच्या संसाराचा विचार केला नाही. म्हणून हा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा: निसर्गावरच सोपवावे. पण निसर्गाची निवड कापसाच्या बाजूने नसते, अळीच्याही नसते. जो तगला त्याचा वंश वाढतो, एवढेच. बीटीपूर्वी हिरव्या बोंडअळीने पायरेथ्रॉइड फवारण्यांनाही असेच पचवले होते. सुरुवातीच्या वर्षांत तिच्यासाठीच्या फवारण्या बीटीमुळे घटल्या, हे उपकार नाकारता येत नाहीत. योजना जिंकू शकते याचा पुरावाही आहे: २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. तिथे बीटीसोबत वांझ पतंग सोडले गेले, कामगंध वापरले गेले, हंगाम संपताच पऱ्हाट्या नष्ट केल्या गेल्या, आणि हे साऱ्यांनी मिळून केले. मोठ्या शेतांचा तो देश. आपल्याकडे तुकड्यातुकड्यांची शेती. म्हणूनच जालन्यात योजनेचे एकक पाकीट नव्हे, गाव असायला हवे. कमी मुदतीचे वाण, डिसेंबरअखेर फरदडमुक्त शिवार, जिनिंगच्या आवारात सापळे, आणि या शिस्तीत शेतकऱ्याचे जे नुकसान होईल त्याची भरपाई हे सारे बियाण्याच्या किमतीतच धरले पाहिजे. बियाणे विकणाऱ्यांनी आणि सरकारने हा भार उचलला नाही, तर पुढचे जनुकही अळी पचवेल आणि त्याची किंमत पुन्हा कोरडवाहू शेतकरीच मोजेल.